शेजारचं मांजर, शेजारचा कुत्रा आणि आपली बाग: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुदामा नगर, लोकमान्य नगर, वैशाली नगर, टिळक नगर, कुठेही जा. घराला घर लागून, मधे सामाईक भिंत आणि पुढे जेमतेम दहा-बारा फुटांची बाग. एवढ्याशा जागेत मेथीचा वाफा उकरलेला दिसला किंवा तुळशीपाशी कुत्र्यानं घाण केलेली दिसली की संताप येणारच. या पानावरची उत्तरं पाळीव प्राण्यांबद्दलची आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांना वेगळे नियम लागू होतात, त्यांचा प्रश्न पुढे घेतला आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो. प्राणी तुमच्या बागेत येतो तो तिथे त्याला काहीतरी मिळतं म्हणून. ते काय हे शोधण्याआधी जाळ्या, फवारे, यंत्रं आणली तर पैसे बहुधा वाया जातात.

इतकी घरं सोडून मांजर आमच्याच बागेत का येतं?

बहुतेक वेळा मातीमुळे. माळव्याची काळी माती वाळली की दगडासारखी होते आणि भेगाळते, ओली झाली की पायाला चिकटते. मांजराला विष्ठा पुरायला मोकळी, कोरडी, भुसभुशीत माती हवी असते. तुम्ही रेती आणि शेणखत घालून, गुठळ्या फोडून वाफा तयार करता, तेव्हा आसपासच्या चार घरांत मांजराच्या सोयीची तेवढीच एक जागा असते. म्हणूनच नुकसान पेरणीनंतरच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत सर्वात जास्त होतं. पुढे रोपं दाट झाली की मांजर आपोआप तिथे जायचं थांबतं.

दुसरं कारण खाणं. पक्ष्यांसाठी ठेवलेला भात, उघडा राहिलेला ओला कचऱ्याचा डबा, जिन्याखालचे उंदीर. तिसरं ऊन. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा पूर्वेकडची कोरडी कुंडी ही मांजराची सकाळची ठरलेली जागा होते. मे महिन्यात उलट, पाण्याची बादली आणि ओल्या कुंड्यांचा गारवा त्याला ओढून आणतो.

दोन-तीन दिवस मांजर कधी येतं, कुठून येतं आणि आल्यावर काय करतं एवढंच बघा. फोनमध्ये वेळ टिपून ठेवा. शेजाऱ्यांशी बोलतानाही ती नोंद उपयोगी पडते.

पेरलेला वाफा कसा वाचवायचा?

सर्वात भरवशाची वस्तू म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी. सियागंजात किंवा कॉलनीतल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘मुर्गा जाली’ म्हणून मागा. भोक एक इंचाचं आणि तार जस्ताचा मुलामा दिलेली हवी, नाहीतर एका पावसाळ्यात गंजते.

बी पेरून, माती सारखी करून पाणी द्या आणि मग जाळी मातीवर सपाट अंथरा. कापलेली टोकं खालच्या बाजूला वळवा. ती वर राहिली तर मांजराचे पंजे आणि तुमची बोटं दोन्ही फाटतात. जाड तारेचे इंग्रजी ‘यू’ आकाराचे सहा इंची खिळे वाकवून घ्या आणि दर दीड फुटावर एक ठोका. जाळी मधे उचललेली राहिली तर मांजर तिच्याखाली पंजा घालून ओढतं, म्हणून मधल्या भागातही दोन-चार खिळे हवेत. वर अर्धा इंच माती भुरभुरली की जाळी दिसतही नाही.

मेथी, कोथिंबीर, पालक एक इंचाच्या भोकातून आरामात वर येतात. त्या उपटायच्या नाहीत, वरून कापायच्या. मुळा, गाजर, कांदा असेल तर रोपं तीन-चार इंच झाल्यावर जाळी काढून घ्या, नाहीतर कंद तारेत अडकून वाढतो. वांगी, टोमॅटोसाठी जाळी आधी अंथरा, रोप लावायच्या जागी अधिकचिन्हासारखा छेद द्या आणि तारेची टोकं खाली दाबा.

जाळी नको असेल तर तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्या तीन-चार इंचांच्या अंतरानं उभ्या रोवा. मांजराला गोल फिरून बसायला जागा लागते. ती मिळाली नाही की ते पुढे जातं. कुंड्यांसाठी 20 मिलिमीटरची गिट्टी दीड-दोन इंच थरात टाका. वाळलेला पाला मात्र टाकू नका. तो ओल टिकवतो खरा, पण मांजराला तो गादीसारखा वाटतो.

माती सतत ओली ठेवणं हाही उपाय आहे. मात्र नर्मदेचं पाणी अनेक कॉलन्यांत एक दिवसाआड येतं, तेव्हा उन्हाळ्यात त्यावर विसंबून राहता येत नाही.

मांजरासाठी मुद्दाम एक कोपरा करून दिला तर?

चांगला उपाय आहे, मात्र तो कोपरा शक्यतो मांजर ज्यांचं आहे त्यांच्या अंगणात व्हावा. दोन फूट बाय दोन फूट जागा, सहा इंच खोल, बारीक कोरडी रेती, वर पावसापासून आडोसा. विष्ठा रोज काढायची आणि महिन्यातून एकदा रेती बदलायची. ती घाण राहिली तर मांजर पुन्हा तुमच्या वाफ्यात येईल, कारण घाण जागा त्यालाही चालत नाही. शेजारी तयार असतील तर पहिल्या दिवशी तुमच्या वाफ्यातली मूठभर वास असलेली माती त्या रेतीत मिसळा, म्हणजे मांजराला जागा ओळखू येते.

वास कसा घालवायचा? पुन्हा पुन्हा त्याच जागी का करतात?

वासामुळेच. मांजराच्या मूत्रातलं युरिक ॲसिड वाळलं की त्याचे बारीक स्फटिक होतात आणि ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाहीत. आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो, पण दमट हवा आली की तो परत उठतो आणि प्राण्याला तर तो कायमच येत असतो.

मातीत असेल तर वरची दोन इंच माती काढा, पसरून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा आणि त्या जागी नवी माती भरा. फरशीवर असेल तर आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, मग पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर ओतून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. लगेच पुसून घेतलं तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही, आणि ‘क्लीनर काही कामाचं नाही’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं.

इथे दोन गोष्टी फार जपा. इंदुरात निम्म्या अंगणांत कोटा फरशी आहे आणि कोटा हा चुनखडीचा दगड. त्यावर व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुवायचं ॲसिड टाकलं तर पॉलिश जातं आणि पांढरे डाग कायमचे पडतात. संगमरवराचंही तेच. दुसरं, मूत्रावर ब्लीच ओतू नका. मूत्रात अमोनिया असतो, ब्लीचशी संयोग झाला की क्लोरामाइन वायू तयार होतो आणि त्यानं घसा, डोळे, फुफ्फुसं सगळ्यांनाच त्रास होतो.

भिंतीवरून उडी मारून येणाऱ्या मांजराला कसं अडवायचं?

सुदृढ मांजर पाच फुटांची भिंत एका उडीत चढतं, त्यामुळे भिंत फूटभर वाढवून काही साधत नाही. उपयोग होतो तो फिरत्या पाइपाचा. भिंतीच्या माथ्यावर दर चार फुटांना एल आकाराचे लोखंडी ब्रॅकेट ठोका, त्यांतून एक इंची पाइप किंवा ताणलेली जाड तार न्या आणि तिच्यावर चार इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे ओवा. मांजर पंजा टाकतं, पाइप फिरतो, पकड मिळत नाही. पाइप आणि भिंत यांच्यातली फट दोन इंचांपेक्षा कमी हवी. तुकडे हातानं सहज फिरायला हवेत. रंगकाम करताना ते जाम झाले तर मांजराला आयता कठडा मिळतो.

हे सगळं करूनही मांजर येत असेल तर आजूबाजूला बघा: कडुनिंबाची फांदी, भिंतीला टेकवलेली स्कूटर, एसीचं बाहेरचं युनिट, पाण्याची टाकी. चढायची अशी एक जरी जागा राहिली तरी पाइपाचा खर्च पाण्यात.

भिंत सामाईक असेल तर ब्रॅकेट ठोकण्याआधी शेजाऱ्यांना विचारा. काचा लावू नका आणि तारेत वीज तर कधीच सोडू नका. त्यात प्राणी मरतात, चेंडू आणायला चढलेली मुलंही मरतात.

शेजारचा कुत्रा गेटमधून आत शिरतो. काय करावं?

गेट बंद करून आधी खालची फट मोजा. लहान जातीचा कुत्रा किंवा पिल्लू चार इंचांच्या फटीतून येतं. खालच्या दीड फुटाला अर्धा इंची वेल्डेड जाळी तारेनं बांधा किंवा वेल्डरकडून पत्र्याची पट्टी लावून घ्या. पट्टी आणि जमीन यांत पाऊण ते एक इंच अंतर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि गेट घासतं.

कुत्रा भिंतीखालून उकरून येत असेल तर तिथे फूटभर खोल चर खणून त्यात जाळी उभी पुरा आणि वरचं टोक भिंतीला खिळ्यांनी पक्कं करा.

पण कुत्र्याच्या बाबतीत खरी गोष्ट वेगळी असते. मांजर मोकळं फिरणं मालकाच्या हातात फारसं नसतं, कुत्रा मोकळा सुटणं पूर्ण मालकाच्या हातात असतं. सकाळी सहाला गेट उघडून ‘जाऊन ये’ म्हणून सोडलेला कुत्रा तुमच्या बागेत येत असेल, तर गेटपेक्षा संवाद जास्त उपयोगी.

तुळशी वृंदावनावर, कुंड्यांवर, गाडीच्या चाकांवर मूत्र करतो. का?

कुत्र्यासाठी ती खूण आहे. उभी, कोपऱ्यावरची, नाकाच्या उंचीला येणारी वस्तू तो निवडतो आणि आधीच्या कुत्र्याच्या वासावर आपला वास ठेवतो. म्हणून एकदा सुरू झालं की आणखी कुत्रे येतात.

वृंदावनाला हे सहन करावं लागणं ज्यांच्या घरात रोज दिवा लागतो त्यांना किती खुपतं ते वेगळं सांगायला नको. वृंदावन गेटजवळच्या कोपऱ्यातून हलवून आतल्या बाजूला घ्या. ते शक्य नसेल तर भोवती फूटभर अंतरावर दोन फूट उंचीचं साधं जाळीचं कडं उभं करा. तळ एन्झाइम क्लीनरनं धुवा आणि मातीत गेलं असेल तर त्याच दिवशी बादलीभर पाणी घालून निचरा होऊ द्या. मूत्रातले क्षार आणि नत्र यांनी तुळशीची कोवळी मुळं करपतात, पानांच्या कडा तपकिरी होतात. तशी पानं दिसली तर कुंडीतली माती बदला, वर खत घालू नका. नत्र आधीच जास्त झालेलं असतं.

लॉनवर पिवळे गोल डाग पडले आहेत.

मधे वाळकं आणि कडेनं गडद हिरवं वर्तुळ असेल तर ते कुत्र्याचं मूत्र. मधे नत्र अती झालं, कडेला खताएवढं मिळालं. काही तासांत कळलं तर त्या जागी आठ-दहा लिटर पाणी ओता, डाग पडतच नाही. जुना डाग असेल तर भरपूर पाणी देऊन दोन इंच माती उकरा, त्यात रेती आणि कुजलेलं खत मिसळा आणि दुर्वांची मुळं लावा. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत जागा भरून येते.

निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगून कुत्रे येत नाहीत, हे खरं का?

नाही. गल्लोगल्ली गेटवर नीळ घातलेल्या बाटल्या दिसतात, त्यांच्या शेजारीच कुत्रे झोपलेले असतात. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग चांगले दिसतात, तेव्हा बाटली त्याला दिसते हे खरं. पण दिसणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. नवी वस्तू म्हणून एखादा दिवस तो बिचकतो, मग सवय होते.

मिरची पूड, फिनाईल, डांबराच्या गोळ्या टाकल्या तर?

कृपा करून टाकू नका. हे प्रश्न सर्वात जास्त येतात आणि सर्वात जास्त नुकसानही यातूनच होतं.

फिनाईलमधलं फिनॉल मांजराचं यकृत निकामी करू शकतं. मांजराच्या शरीरात ते बाहेर टाकण्याची यंत्रणा फार दुबळी असते. फिनाईल पायाला लागतं, मांजर पाय चाटतं, एवढ्यानंही विषबाधा होते. डांबराच्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं आणि ते कुत्रा, मांजर आणि रांगणारं मूल तिघांनाही घातक. मिरची पूड पंजातून डोळ्यात जाते, प्राणी डोळा चोळून जखम करून घेतो आणि पहिल्या पाण्यात ती वाहूनही जाते. कॉफीच्या चोथ्यातलं कॅफीन कुत्र्याला बाधतं.

निरुपद्रवी उपायांत संत्र्याची आणि मोसंबीची सालं थोडी कामी येतात. हिवाळ्यात आगरची संत्री भरपूर असतात तेव्हा साल बारीक करून वाफ्याच्या कडेनं टाका आणि दर दोन-तीन दिवसांनी बदला. वाळलेल्या सालीला काही अर्थ नाही. गवती चहा लावला की मांजर येत नाही असं ऐकायला मिळतं, पण पुष्कळ मांजरं तो आवडीनं चघळतात.

हालचाल टिपून पाणी उडवणारा फवारा मांजरांवर चांगला चालतो, फक्त टाकीत तेवढं पाणी हवं. अल्ट्रासोनिक यंत्रानं थोडा फरक पडतो. त्याचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही, म्हणून ते येण्याच्या वाटेकडेच तोंड करून ठेवावं लागतं. म्हाताऱ्या, बहिऱ्या मांजरांवर त्याचा काहीच परिणाम नाही. पांढऱ्याशुभ्र, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपण बरंच आढळतं.

शेजाऱ्यांशी कसं बोलावं म्हणजे संबंध बिघडणार नाहीत?

ताजी घाण बघून लगेच जाऊ नका आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून सुरुवात तर मुळीच करू नका. चारचौघांत अपमान झालेला माणूस मदत करत नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी एकटे जा, घरात बोलावलं तर बसा. पुष्कळदा मालकाला खरंच माहीत नसतं, कारण मांजर घरी येतं तेव्हा स्वच्छ असतं आणि झोपून राहतं.

दोष देणारं वाक्य आणि काम होणारं वाक्य यांत फरक आहे. ‘तुमचा कुत्रा आमची बाग खराब करतो’ म्हटलं की समोरचा बचाव करायला लागतो. त्याऐवजी असं सांगा: “काकू, शेरू सकाळी साडेसहाच्या सुमारास गेटखालून आत येतो आणि मोगऱ्याच्या कुंड्या उकरतो. मी खालून जाळी लावून घेतोय. तेवढा वेळ त्याला पट्टा लावून ठेवाल का?” शेजारी हिंदी बोलणारे असतील तर “भाभीजी, एक छोटी सी बात थी” एवढ्या सुरुवातीनंच अर्धं काम होतं. वेळ नेमकी सांगा, आपण काय करतो आहोत ते सांगा, मग एकच गोष्ट मागा.

मागण्यासारख्या गोष्टी अशा. बोका असेल तर नसबंदी. सहाव्या महिन्याच्या आसपास केली तर बहुतेक बोक्यांचं भिंतींवर मूत्र फवारणं आणि रात्रभर भटकणं बरंच कमी होतं. खर्चाची अडचण असेल तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा सरकारी पशु चिकित्सालयात चौकशी करायला सुचवा. मांजराला रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी घरात द्यावं, म्हणजे ते त्या वेळी घरी येतं आणि दार लावून घेता येतं. कुत्र्याला दोन वेळा अर्धा-अर्धा तास पट्ट्यानं फिरवावं, पिशवी सोबत न्यावी. गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचा फोन नंबर असावा.

समजावून सांगूनही ऐकत नाहीत. कायदा काय म्हणतो?

आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम चावरा, अंगावर येणारा कुत्रा मोकळा सोडणाऱ्यांसाठी आहे. मांजरानं मेथी उकरली म्हणून त्याचा उपयोग होत नाही, आणि करूही नये.

आधी लेखी विनंती द्या. तारीख, वेळ, काय नुकसान झालं, काय अपेक्षा आहे, एवढंच अर्ध्या पानात. प्रत स्वतःकडे ठेवा. मग रहिवासी संघाकडे जा. कुत्रा पाळणाऱ्यानं नगर निगमकडे, म्हणजे महापालिकेकडे, नोंदणी करणं अपेक्षित आहे, तेव्हा तक्रार निगमच्या इंदूर 311 ॲपवर फोटोसह टाकता येते. दाद मिळाली नाही तर 181 वर मुख्यमंत्री हेल्पलाइन. कुत्रा चावला किंवा मुलांच्या अंगावर धावून आला तर पोलिसांत जा, तिथे संकोच करू नका.

संघाला एक गोष्ट करता येत नाही. पाळीव प्राणी ठेवण्यावरच सरसकट बंदीचा ठराव करता येत नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. पट्टा, स्वच्छता, लसीकरण यांचे नियम मात्र ठरवता येतात आणि ते ठरवावेत.

मांजर पकडून रालामंडळकडे किंवा बायपासपलीकडे सोडून आलो तर?

तो क्रूरपणा आहे. घरच्या वाटीत खाणारं मांजर तिथे उपाशी मरतं किंवा गाडीखाली येतं. दुसऱ्याचं पाळीव जनावर न विचारता उचलून नेणं चोरीच्या गुन्ह्यातही मोडू शकतं. प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं यासाठी न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पुष्कळांच्या डोक्यात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातला 10 ते 50 रुपयांचा जुना दंड बसलेला असतो आणि ‘काय होणार आहे’ असं वाटतं. तसं ते राहिलेलं नाही.

शिवाय जागा रिकामी झाली आणि खाणं व भुसभुशीत माती तशीच राहिली, तर दुसरं मांजर येतंच.

आमच्या बागेत त्याला बाधेल असं काही असू शकतं का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

सर्वात धोकादायक वस्तू म्हणजे एरंडीची पेंड. गुलाबांना घालायला ती पोत्यानं आणतात. तिच्यात रायसिन नावाचं विष राहिलेलं असतं आणि वास कुत्र्यांना आवडतो. हाडांचा चुरा मिसळलेली असेल तर कुत्रा खड्डा उकरून खातो. सहा तासांपासून दिवसभरात उलट्या, रक्ताचे जुलाब, मग कोसळतो. नेमका उतारा नाही, फक्त वेळेत उपचार. कुत्रा येणाऱ्या बागेत एरंडीऐवजी निंबोळी पेंड वापरा.

उंदरांचं औषध आणि गोगलगायींच्या गोळ्या उघड्यावर ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरालाही विषबाधा होते. गोचीड झाले म्हणून शेतीचं कीटकनाशक अंगणात फवारू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराला मारक आहे. गोचीड भिंतीच्या भेगांत राहतात, तेव्हा भेगा सिमेंटनं बुजवणं आणि गवत आखूड ठेवणं हा खरा उपाय.

झाडांपैकी कण्हेर, सायकस, धोत्रा, अडेनियम, रुई विषारी. लिलीचे परागकण अंगावर पडून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. मनीप्लांट आणि डिफेनबेकियानं तोंड सुजतं, लाळ गळते. शेजारचा प्राणी असं काही खाताना दिसला तर भांडण बाजूला ठेवून लगेच मालकाला सांगा आणि पानाचा किंवा पाकिटाचा फोटो द्या. डॉक्टरला त्याचीच गरज असते. तेल, मीठ पाजून उलटी करवू नका.

घरात गरोदर बाई आहे, लहान मूल आहे. विष्ठेपासून काही धोका?

काळजी घ्यावी, घाबरू नये. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी पसरू शकतो. विष्ठा पडल्यापासून साधारण एक ते पाच दिवसांनी ती संसर्गजन्य होते, म्हणून रोजच्या रोज काढली तर धोका बराच टळतो. गरोदर बाईनं वाफ्यात हात घालू नये, घालावाच लागला तर रबरी हातमोजे आणि नंतर साबण. वाफ्यातली कोथिंबीर, मुळा वाहत्या पाण्यात नीट धुवा. मुलांनी ओल्या मातीत अनवाणी खेळू नये, कुत्र्या-मांजरांच्या हुकवर्म या जंताच्या अळ्या पायाच्या कातडीतून शिरतात.

विष्ठा घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथे जंतू मरण्याइतकी उष्णता होत नाही. कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून, कचरा गाडीवरच्या माणसाला सांगून वेगळी द्या.

चावलं किंवा ओरबाडलं तर?

वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा लांब असतात. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नका, पट्टी आवळू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लाल अस्पताल म्हणून ओळखलं जाणारं हुकुमचंद पॉलीक्लिनिक किंवा एम.वाय. हॉस्पिटल इंदूरकरांना माहीत आहे. रेबीजची त्वचेत देण्याची लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते आठवणीनं विचारा.

शेजाऱ्यांनी ‘आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे’ म्हटलं तरी लस सुरू करा. लसीचं कार्ड मागून घ्या आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. तो दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढचे डोस घ्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

अंगणात शिरलेला प्राणी लाळ गाळत असेल, जबडा लोंबत असेल, तोल जात असेल तर जवळ जाऊ नका. मुलांना आत घ्या, गेट बंद करा आणि निगमला कळवा.

दिवाळीत, रंगपंचमीला घाबरलेला कुत्रा आमच्याकडे येऊन लपतो.

हाकलू नका. फटाक्यांच्या आणि गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) गोंगाटात भेदरलेला प्राणी रस्त्यावर गेला तर गाडीखाली येतो. जिन्याखाली किंवा पोर्चमध्ये अंधारा कोपरा द्या, पाणी ठेवा, डोळ्यात डोळे घालून बघू नका, ओढून बाहेर काढू नका. मांजर असेल तर बाहेर जायची एक वाट मोकळी ठेवा, कोंडलेलं मांजर ओरबाडतं. पट्ट्यावरचा नंबर लावा. नंबर नसेल तर फोटो काढून कॉलनीत विचारा आणि पशुवैद्याकडे मायक्रोचिप तपासून घ्या.

तो कुत्रा कुणाचाच नाही, गल्लीतला आहे. मग?

त्याला प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 लागू होतात. नसबंदी आणि लसीकरण हे निगमचं काम, रहिवाशांनी उचलून दुसरीकडे टाकणं नियमात बसत नाही. 311 वर नोंद करा. गेटची जाळी, झाकलेला कचरा आणि धुतलेला कोपरा हे उपाय त्याच्यासाठीही तेच.

पोपट किंवा कासव आलं तर?

आपल्याकडचा हिरवा पोपट आणि चांदण्यांचं कासव पाळणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार बेकायदा आहे, मग ते कुणी कितीही प्रेमानं वाढवलेलं असो. शेजाऱ्यांचं असेल असं वाटलं तरी परत पिंजऱ्यात द्यायला मदत करू नका आणि स्वतःही ठेवून घेऊ नका. खोक्याला हवेसाठी भोकं पाडून त्यात सुरक्षित ठेवा आणि वन विभागाला कळवा. पंख कापलेला पोपट उडवून देऊ नका, कावळे आणि मांजरं त्याला तासाभरात गाठतात.